प्रकल्पाची वही: नववी-दहावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी

मी चोपडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान-तंत्रज्ञान शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलांनी मक्याचे दाणे काढायचं हातयंत्र केलं होतं. प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "दात्यांमधलं अंतर एवढंच का ठेवलं?" मुलं एकमेकांकडे बघत राहिली. त्यांनी तीन वेगवेगळी अंतरं करून पाहिली होती, एकात दाणे फुटत होते, एकात कणीस अडकत होतं. पण हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण वही आदल्या रात्री बसून लिहिली होती. त्या मुलांचे पडलेले चेहरे मी विसरलेले नाही. तेव्हापासून आमच्याकडे वहीला पहिल्या दिवशीच सुरुवात होते.

वही शंभर पानी, शिवलेली घ्या. सुटे कागद, फाईल नको, पानं गळतात. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांवर नंबर टाका. रोज तारीख, वेळ आणि कोण कोण हजर होतं ते लिहा. पेनानंच लिहा. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, व्हाइटनर लावू नका. खोडलेला आकडाही वाचता आला पाहिजे, कारण पुढे कधी कधी तोच बरोबर ठरतो.

सुरुवातीची पानं अडचणीसाठी. इथे मुलं हमखास निबंध लिहितात: "पाणी हे जीवन आहे." तसं नको. गेल्या वर्षी आमच्या गटानं केळीच्या बागेसाठी जमिनीतला ओलावा दाखवणारं यंत्र करायचं ठरवलं. मी त्यांना आधी पाच शेतकऱ्यांकडे पाठवलं. ठिबक किती वेळ चालवता, कधी बंद करता, कशावरून ठरवता, एवढेच तीन प्रश्न. उत्तरं जशी मिळाली तशी लिहायला सांगितलं, अहिराणीत मिळालं तर अहिराणीत. "पानी कव्हय देवानं?" हे एका आजोबांचं वाक्य वहीत जसंच्या तसं आहे, आणि आमच्या यंत्राला नेमकं त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. पुस्तकी मराठीत त्याचं 'सिंचनाचे नियोजन' करून टाकलं की प्रश्न हरवतो.

मग पर्याय. निदान तीन कच्च्या आकृत्या काढा आणि जो पर्याय सोडला तो का सोडला ते एका ओळीत लिहा. "बाजारात मिळणारा सेन्सर: महाग नाही, पण आतलं काही कळत नाही, म्हणून सोडला." असं कारण चालतं. "आवडला नाही" हे चालत नाही. आकृती पेन्सिलीनं, समोरून, वरून आणि बाजूनं, मापं मिलिमीटरमध्ये.

फोटो काढताना वस्तूशेजारी फूटपट्टी ठेवा, नाहीतर डबी केवढी होती ते नंतर कोणालाच कळत नाही. फोटोच्या फाईलला तारखेचं नाव द्या.

आता चाचणी. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण वहीचा जीव इथे आहे.

आमचं यंत्र साधं होतं. दोन लोखंडी खिळे मातीत, एक 5 व्होल्टला, दुसरा आर्डुइनो उनोच्या (प्रोग्राम भरता येतो अशा छोट्या सर्किट बोर्डाच्या) इनपुटला, आणि त्या इनपुटपासून ग्राउंडपर्यंत 10 किलोओहमचा रेझिस्टर. माती ओली असली की वीज सहज जाते आणि आकडा वाढतो. सुकली की घटतो. आकडा 0 ते 1023 यांच्या दरम्यान येतो. पण 640 म्हणजे ओलावा किती? ते मातीलाच विचारावं लागतं. खिळ्याजवळची 100 ग्रॅम माती डब्यात घ्यायची, वाळवायची, पुन्हा तोलायची. 80 ग्रॅम भरली तर 20 ग्रॅम पाणी होतं, म्हणजे कोरड्या मातीच्या मानानं ओलावा 25 टक्के. प्रयोगशाळेत माती 105 अंशांवर 24 तास ठेवतात. आमच्याकडे तसा ओव्हन नाही. आम्ही गच्चीवर उन्हात वाळवली, लागोपाठ दोनदा वजन सारखं येईपर्यंत. काळ्या मातीत उन्हानंतरही थोडं पाणी उरतंच, म्हणून वहीत ठळक लिहिलं: "उन्हात वाळवलेली माती." अशी कबुली लिहायला लाजू नका. परीक्षकाला त्यावरूनच कळतं की मुलांना पद्धत समजली आहे.

मग ते घडलं. ठिबक रोज सकाळी चालत होतं, माती हाताला ओली लागत होती, आणि आकडा मात्र रोज उतरत होता. 640, 612, 548, 431. मुलांना वाटलं प्रोग्राम चुकला. मलाही तसंच वाटलं, आणि आम्ही दोन दिवस प्रोग्राम तपासण्यात घालवले.

उत्तर एका मुलीच्या वहीत सापडलं. ती रोज आकड्यांखाली खिळ्यांचं चित्र काढायची. पहिल्या दिवशी दोन्ही खिळे सारखे. चौथ्या दिवशीच्या चित्रात लाल वायरचा खिळा बारीक झालेला, त्याच्याभोवती तांबूस माती, आणि शेजारी तिचं अक्षर: "हाच का गंजतो? दुसरा चांगला आहे." तिथून सगळं उलगडलं. वीज दिवसरात्र एकाच दिशेनं वाहत होती, त्यामुळे धन बाजूचा खिळा ओल्या मातीत झिजत होता. दहावीत विद्युत अपघटन शिकवते मी, फळ्यावर शेकडो वेळा धनाग्र-ऋणाग्र काढलेत. तेच शेतात चाललं होतं. मग नवे खिळे लावले आणि त्यांना 5 व्होल्टऐवजी आर्डुइनोच्या एका पिनवरून वीज दिली, तासातून एकदा, फक्त आकडा वाचण्यापुरती. आकडे स्थिरावले.

चाचणीच्या पानावर म्हणून तीन रकाने हवेत: काय अपेक्षित होतं, काय मिळालं, डोळ्यांना काय दिसलं. तिसरा रकाना मुलं रिकामा सोडतात. तो भरल्याशिवाय मी सही करत नाही.

खर्चाचं पान वेगळं ठेवा. विकत घेतलेल्या वस्तूची पावती डिंकानं चिकटवा; भंगारातून आणलेली वस्तू असेल तर तसं लिहा, त्याची किंमत शून्य धरू नका, तीच नवी घेतली तर काय पडेल ते विचारून टाका. इन्स्पायर मानक योजनेत (शाळेतल्या मुलांच्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना) निवड झाली तर विद्यार्थ्याच्या खात्यात 10,000 रुपये येतात, आणि ते पैसे कशावर लागले हे तेव्हा या पानावरूनच सांगता येतं.

अहवाल आणि तक्ता सगळ्यात शेवटी, वहीतूनच. अहवालातल्या प्रत्येक आकड्यापुढे वहीतला पान नंबर लिहा. ज्याला पान सापडत नाही तो आकडा काढून टाका, कितीही छान दिसत असला तरी. काय करायचं ठरवलं, कसं केलं, कुठे अडलं, काय बदललं, या क्रमानं लिहिलं की पुरे. शुद्धलेखन मी तपासते, वाक्यं बदलत नाही. मुलांची वाक्यं मुलांचीच राहू द्या, पालकांनीही.

वहीचं शेवटचं पान पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी मोकळं ठेवा. आमच्या ओलाव्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर असं आहे: "काळी माती सुकली की तिला भेगा पडतात. भेग खिळ्याजवळून गेली की मधे हवा येते आणि यंत्र माती आहे त्याहून कोरडी सांगतं. खिळे खोल ठोकून पाहिले, 10 सेंटीमीटरला थोडा फरक पडला. 20 ला करून पाहायचं राहिलं. लांब खिळे प्रयोगशाळेच्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहेत."