वर हिरवं दिसलं म्हणजे खाली कार्बन गेला असं नाही! ध्रुवीय समुद्राचा डेटा बघताना या चुका टाळा

सॅटेलाइटच्या नकाशावर दक्षिण महासागरात हिरवा पट्टा दिसला की बरेच जण लगेच लिहून टाकतात, प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) भरपूर म्हणजे त्यांनी शोषलेला कार्बनही भरपूर खोल समुद्रात गेला. सगळ्यात मोठी चूक हीच, आणि तिचं उदाहरण आपल्या गोव्याशीच जोडलेलं आहे. 2009 मध्ये दोना पावलाच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) जर्मनांबरोबर लोहाफेक्स प्रयोग केला, दक्षिण अटलांटिकमध्ये 300 चौरस किलोमीटर पाण्यात प्लँक्टन वाढावं म्हणून लोह सोडलं, दोन आठवड्यांत प्लँक्टन दुप्पट झालं पण तिथं सिलिकेटच संपलेलं त्यामुळे डायटम (सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ) वाढले नाहीत, आणि जे काही वाढत होतं ते कोपेपॉडांनी, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतल्या बारीक जीवांनी, खाऊन टाकलं, खाली फारसं काही गेलंच नाही. उलट 2004 च्या आयफेक्स या तशाच प्रयोगात डायटमचा ब्लूम (अचानक भरघोस वाढ) आला आणि त्यातला निदान अर्धा 1000 मीटरच्या खूप खाली गेला. लोह दोन्हीकडे टाकलेलं! म्हणून आधी सिलिकेट बघा, मायक्रोस्कोपखाली नक्की कोण वाढलंय ते बघा, मग बोला.

दुसरं, फ्लोरोमीटर, म्हणजे पेशींच्या चमकेवरून (फ्लोरेसन्स) क्लोरोफिलचा अंदाज देणारं यंत्र. दुपारच्या उन्हात वरच्या थरातल्या पेशी स्वतःला वाचवायला फ्लोरेसन्स कमी करतात, मग खोलीनुसार काढलेल्या प्रोफाइलमध्ये वर क्लोरोफिल कमी आणि खाली जास्त असं दिसतं आणि लोक खूश होतात की खोल मॅक्सिमम (खोलवरचा सगळ्यात जास्त क्लोरोफिलचा थर) सापडला. रात्री यंत्र खाली सोडून घेतलेल्या मोजणीशी (कास्ट) ताडून बघा, आणि पाणी गाळून क्लोरोफिल मोजाच.

आता सेडिमेंट ट्रॅप, म्हणजे वरून पडणारे कण गोळा करायला पाण्यात टांगलेलं नरसाळं आणि कप, इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. कपात फॉर्मॅलिन असतं, पडलेलं सडू नये म्हणून, पण आत पोहत आलेले कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉडही त्यातच मरतात, आणि ते वरून पडलेले नसतात ना, त्यामुळे त्यांना चिमट्याने एकेक वेचून काढावंच लागतं. कंटाळवाणं काम आहे, तासन्‌तास मान मोडते, पण तेलाने भरलेले चारदोन कॅलॅनस (कोपेपॉडचाच एक प्रकार) राहिले तरी कार्बनचा आकडा उगाच फुगतो. टेरोपॉडचं (पोहणारी बारीक गोगलगाय) रिकामं शंखलं साधारणपणे पडलेलं धरतात, आत जीव असेल तर बहुधा पोहत आलेला. आणि ते शंखलं कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे फिल्टरला अ‍ॅसिड न देता कार्बन मोजायच्या मशीनमध्ये घातलंत तर सेंद्रिय कार्बनात शंखल्यातला कार्बनही मोजला जाणार.

आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या काँग्सफ्योर्ड खाडीसारख्या ठिकाणी, जिथं 2014 पासून आपलं इंडार्क मूरिंग (तळाला बांधलेली मोजणी यंत्रं) आहे, हिमनदीचा गाळ पाण्यात येतो. कप भरलेला दिसला म्हणून हुरळू नका, वजन जास्त करून चिखलाचंच असू शकतं.

खाली जाताना कार्बन किती वेगाने घटतो ते सांगणाऱ्या मार्टिन कर्व्हचा 0.858 हा घातांक डोळे झाकून सगळीकडे वापरू नका, तो ईशान्य पॅसिफिकच्या डेटातून आलाय.

आणि बर्फ. 2011 मध्ये चुकची समुद्रात मीटरभर जाड बर्फाखाली प्रचंड ब्लूम सापडला, सॅटेलाइटला त्याचा पत्ताच नव्हता. पुढच्याच वर्षी आर्क्टिकच्या मध्यभागी सुमारे 4000 मीटर खोल तळावर मेलोसिरा शेवाळाचे गोळे पडलेले दिसले, बर्फाच्या खालच्या बाजूला वाढून सरळ तळाला गेलेले. म्हणून बर्फाच्या पिक्सेलमध्ये 'उत्पादन शून्य' भरू नका, तिथं 'डेटा नाही' असं लिहा.