तलंगांना लेअर खाद्य घालायची घाई नको

अंड्यावर यायच्या आधीचे दहा आठवडे तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या, नुसत्या खातात, देत काही नाहीत. याच काळात मी एकदा माती खाल्ली. ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य, संपलं होतं; अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबड्यांचं लेअर शिल्लक होतं. तेच अकरा आठवड्यांच्या पोरींना महिनाभर घातलं. दोन मेल्या. डॉक्टरांनी एक फाडून दाखवली: मूत्रपिंडं सुजलेली, वर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर. लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढत्या तलंगेला एक टक्का पुरे. अंडंच नाही तर कवच कुठलं? उरलेलं सगळं मूत्रपिंडांवर येतं.

तेव्हा पहिले 6 ते 8 आठवडे स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं खाद्य, प्रथिनं 18 ते 20 टक्के. पुढे ग्रोअर, 15-16 टक्क्यांचं. वर दाणे टाकायचा मोह होतो. संध्याकाळी मूठभर ठीक, पण दाण्यानं पोट भरलं की तयार खाद्य मागे राहतं आणि प्रथिनं कमी पडतात. पाणी खाद्याच्या निदान दुप्पट लागतं.

दर आठवड्याला पाच-सहा जणींचं वजन करा. पिशवीत घालून ताणकाट्याला टांगलं की झालं, फडफड दोन मिनिटांची. त्या जातीच्या तक्त्याशी ताडून बघा. छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागलं तर अंग भरलेलं नाही.

लेअर कधी? साधारण 18 आठवड्यांना, पण मी तारखेपेक्षा कोंबडीकडे बघतो. तुरा लालभडक होतो. पाठीवर हात ठेवला की पंख जरा पसरून खाली बसते. शेपटीखाली कमरेची दोन हाडं चाचपा: आधी मध्ये जेमतेम एक बोट मावतं, अंड्यावर आली की दोन-तीन. पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून ती हाडांत कॅल्शियम साठवू लागते, म्हणून या खुणा दिसल्या की बदल सुरू करा. एकदम नाही: दोन-तीन दिवस चौथा हिस्सा लेअर, मग निम्मं, आठवडा-दहा दिवसांत पूर्ण.

लहानमोठ्या एकाच खुराड्यात असतील तर सगळ्यांना ग्रोअरच घाला आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंडी देणाऱ्या तिकडे जातात, तलंगा बहुधा एखादी चोच मारून सोडून देतात. पोटात दाणे दळायला कोंबड्या गिळतात ते बारीक खडे मात्र निराळे. त्यांनी कवच होत नाही.