पैशाचा निर्णय घेण्याआधी मेंदूचा कौल कसा तपासावा

भावना बाजूला ठेवल्या की व्यवहार चोख होतो, हा समज आधी सोडा. 1990च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवात पत्त्यांच्या चार गड्ड्यांचा प्रयोग झाला; काही गड्ड्या फायद्याच्या, काही तोट्याच्या. निरोगी माणसांनी तोट्याच्या गड्डीकडे हात नेला की तळहाताला घाम सुटू लागे आणि ती हळूहळू त्या गड्ड्या टाळू लागत. कपाळामागच्या मेंदूला इजा झालेल्या रुग्णांची बुद्धी शाबूत होती, पण तो घाम सुटत नव्हता. ते तोट्याचेच पत्ते उचलत राहिले. तेव्हा भावना हवीच. फक्त आत्ता कोणती भावना जोर करतेय, ते ओळखायचं.

पहिलं काम, समोरचं वाक्य उलटवा. लंडनच्या 2006च्या प्रयोगात लोकांना 50 पौंड दाखवले. ‘20 तुमच्याकडे राहतील’ असं म्हटलं तर सुमारे 43 टक्के वेळा लोक ते नाकारून जुगार खेळले. ‘30 जातील’ म्हटल्यावर सुमारे 62 टक्के वेळा. हिशेब तोच! शब्दांच्या मागे वाहत जाताना अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भावनांशी जोडलेला भाग, जास्त सक्रिय दिसला. म्हणून कागदावर दोन ओळी लिहा: ‘इतके उरतील’, ‘इतके जातील’. दोन्ही ओळी वाचून उत्तर बदलत असेल तर त्या दिवशी सही करू नका. हे मनातल्या मनात केलं तर उपयोग नाही. मन आवडती ओळच पुन्हा वाचतं.

खरेदीचं वेगळं. वस्तू आवडली की मेंदूतला न्यूक्लियस अक्युम्बेन्स हा भाग चेततो, किंमत जास्त वाटली की इन्सुला हा दुसरा भाग. किंमत हप्त्यांत विभागली की आकडा लहान दिसतो आणि टोचत नाही. मग बेरीज आपणच करायची: 900 चे 12 हप्ते म्हणजे 10,800, रोख किंमत 9,500 असेल तर 1,300 जास्त. हा आकडा वस्तू पुन्हा पाहण्याआधी लिहा, नंतर नव्हे.

पडलेला शेअर सोडवत नाही, कारण तोटा तेवढ्याच नफ्याच्या साधारण दुप्पट बोचतो. खरेदीचा भाव झाका आणि विचारा: आज हातात रोख असती तर याच भावाला हा घेतला असता का? नसता, तर धरून ठेवायला ‘परत वर येईल’ यापलीकडे कारण शोधा.

वाटणीत अपमान वाटला की माणूस स्वतःचंही नुकसान करून घेतो. 10 डॉलरच्या वाटणीच्या खेळात ऑफर नाकारली तर दोघांनाही काही मिळत नाही; तरी माणसाने देऊ केलेले एक-दोन डॉलर लोक अनेकदा झिडकारत. संगणकाने तेवढेच देऊ केले तर बरेचदा घेत. तेव्हा हीच ऑफर यंत्राकडून आली असती तर, हे विचारून पाहा. अर्थात त्याच माणसाशी पुन्हा व्यवहार व्हायचा असेल तर नकार शहाणपणाचाही ठरतो.

आणि ‘माझा इन्सुला नको म्हणतोय’ असले निष्कर्ष काढू नका. तोच भाग वेदनेत, किळस आल्यावर आणि स्वतःच्या हृदयाचे ठोके मोजतानाही चेततो.