होलोकॉस्ट म्युझियमच्या कार्यक्रमाला मुलांना घेऊन कसं जायचं

वॉशिंग्टनला पाहुणे आले की आपण त्यांना व्हाइट हाऊस, लिंकन मेमोरियल, एअर अँड स्पेस सगळं फिरवतो आणि होलोकॉस्ट म्युझियम (होलोकॉस्ट म्हणजे हिटलरच्या नाझी राजवटीने केलेलं ज्यूंचं हत्याकांड) मात्र वेळ उरला तर बघू म्हणतो, आणि वेळ काही उरत नाही. मी तर म्हणेन नुसतं म्युझियम बघायला जाऊच नका, तिथे कार्यक्रम असेल तो दिवस गाठा. कारण त्या हत्याकांडातून जिवंत वाचलेली माणसं स्वतः समोर बसून बोलतात, आणि १९४५ ला जे मूल पाच वर्षांचं होतं ते आज ऐंशीच्या पार गेलंय. पुढच्या सुट्टीत बघू असं इथे करू नका खरंच.

कुठला कार्यक्रम? ‘फर्स्ट पर्सन’ नावाचा आहे, २००० पासून चालू, त्यात वाचलेली एक व्यक्ती आणि तिला प्रश्न विचारणारा असे दोघं बसतात, शेवटी लोकांचेही प्रश्न घेतात. दुसरं म्हणजे २७ जानेवारी, ऑशविट्झ ही पोलंडमधली नाझींची छावणी सुटली तो दिवस. आणि तिसरं एप्रिल-मे मधला स्मरणाचा आठवडा, त्याची तारीख ज्यू पंचांगाप्रमाणे निसान महिन्यावर ठरते म्हणून आपल्या सणांसारखी दरवर्षी सरकते, त्यामुळे मागच्या वर्षीची तारीख धरून सुट्टी टाकू नका, वेबसाइटवर बघूनच टाका. तिकीट वगैरे लागत असेल तर तेही तिथेच. मेट्रोने स्मिथसोनियन स्टेशनला उतरलात की चालत पाच मिनिटं, पण दारात बॅगा तपासतात म्हणून अर्धा तास हाताशी ठेवा.

मुलं साधारण अकराच्या पुढची असू द्या, मुख्य प्रदर्शनासाठी म्युझियम स्वतःच तेवढं वय सांगतं.

आता खरी तयारी घरची. आपल्याकडे कडक मास्तर दिसला की "हे म्हणजे नुसते हिटलर आहेत" असं सहज म्हणतो आपण, मुलंही ऐकून तेच म्हणतात. जायच्या आधी आठवडाभर हा शब्द घरात बंद करा आणि का बंद केला ते मुलांना सांगा, साठ लाख ज्यू मारले, त्यात तुझ्याएवढी मुलं होती, रोमा (ज्यांना जिप्सी म्हणायचे ते) लोक आणि अपंग माणसंही मारली. एवढं सांगितलं तरी मूल तिथे वेगळ्या कानांनी ऐकतं.

दुसरं स्वस्तिकाचं. गळ्यात स्वस्तिकाचं पेंडंट असेल, ओढणीवर, पर्सवर असेल तर त्या दिवशी घरी ठेवा. आपलं स्वस्तिक शुभ आहे, नाझी त्यांच्या चिन्हाला हाकनक्रॉइत्स म्हणायचे, सगळं मान्य, मलाही ते सोडावंसं वाटत नाही, दिवाळीत उंबऱ्यापाशी मी काढतेच. पण ज्या बाईने लहानपणी ते चिन्ह शिपायाच्या दंडावर बघितलंय तिला त्या हॉलमध्ये आपण इतिहास समजावत बसायचं नसतं.

प्रश्न विचारताना. "हातावरचा नंबर दाखवा ना" असं कधीच नाही, शिवाय कैद्यांचे असे नंबर फक्त ऑशविट्झमध्ये गोंदवायचे, प्रत्येकाच्या हातावर नसतो तो. "तुम्ही लोक लढला का नाही" हेही नको, १९४३ च्या एप्रिलमध्ये वॉर्सा घेट्टोतली (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतली) पोरं थोड्याशा पिस्तुलांवर जर्मन सैन्याशी लढली होती, त्याच वर्षी सोबिबोरच्या नाझी छावणीत कैद्यांचा उठाव झाला, हे आधी वाचून जा. साधं विचारा, शाळा कशी होती, शेजारी कोण होते, आई काय करायची जेवायला. उत्तर याच प्रश्नांना मिळतं, मोठ्या प्रश्नांना लोक ठरलेलंच बोलतात.

भारतातून आईबाबा आलेले असतील तर त्यांना एक सांगा, सकाळी आकाशवाणी लागायच्या आधी जी धून वाजायची ती वॉल्टर कॉफमन यांनी केली असं मानतात, ते ज्यू, १९३४ ला युरोप सोडून मुंबईत आले होते. माझ्या आईला हे सांगितल्यावर ती सगळा वेळ सरसावून बसली होती. आणि पुण्या-नाशिकला बसून बघायचं असेल तर काही कार्यक्रम ऑनलाइनही दाखवतात, उन्हाळ्यात इथले दुपारचे एक म्हणजे तिकडे रात्रीचे साडेदहा.

स्मरणाच्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची नावं मोठ्याने वाचतात, वाचायला आपणही जाऊ शकतो. पोलिश, हंगेरियन नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून आधी मनात दोनदा म्हणून घ्या, मग सावकाश वाचा. चुकलं तर थांबून परत म्हणा, घाईने पुढे जाऊ नका, टाळ्या वाजवायच्या नाहीत. नावं वाचतात तो म्युझियममधला सहा कोनांचा हॉल आहे, भिंतींवर छावण्यांची नावं आणि खाली मेणबत्त्या. एक मुलाच्या हातून लावा, तेवढा वेळ फोन पर्समध्येच राहू द्या.