कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला, तर तक्रार कशी लिहावी आणि कुठे द्यावी

कामाच्या ठिकाणच्या अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसायला लागल्यापासून एक गोष्ट वारंवार दिसते. बाई खरं सांगत असते, पण ते खरेपण कागदावर उतरलेलं नसतं. "सर माझ्याशी नीट वागत नाहीत, मला खूप त्रास होतो." एवढ्याच ओळीवर समोरच्याला उत्तर देणं सोपं जातं : "मी कामाच्या बाबतीत कडक आहे, म्हणून तिला राग आहे." त्यामुळे इथे कायदा थोडा आणि कागदाची तयारी जास्त सांगते.

कायदा २०१३ चा. त्यामागे राजस्थानात गावपातळीवर सरकारी योजनेचं काम करणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये झालेला अत्याचार आणि त्यानंतर कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम घालून देणारा १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आहे. नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, लैंगिक अर्थाची शेरेबाजी, अश्लील चित्रं-व्हिडिओ दाखवणं, आणि लैंगिक स्वरूपाचं इतर कुठलंही नकोसं वागणं, शब्दांतून असो वा नुसत्या हावभावांतून, हे सगळं त्यात येतं. कायम नोकरी असण्याची अट नाही. कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, कामानिमित्त आलेली बाहेरची बाई, सगळ्यांना तो लागू आहे. कंपनीची बस आणि कामासाठी गेलेलं दुसरं गावही 'कामाचं ठिकाण'च. हा कायदा फक्त महिलांसाठी आहे. पुरुषांना आस्थापनेच्या सेवानियमांखाली तक्रार करावी लागते.

१. आजच नोंद करा

तक्रार करायची की नाही हे ठरलेलं नसलं, तरी नोंद आजच करा. घरच्या वहीत लिहा किंवा स्वतःच्या खाजगी ईमेलवर पाठवा. ऑफिसच्या संगणकावर ठेवू नका, कारण नोकरी सुटली की तो हातातून जातो. आलेले मेसेज कितीही किळसवाणे वाटले तरी पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, आणि मूळ फोनही जपून ठेवा. त्याच रात्री बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठवलेला मेसेज पुढे फार कामाला येतो.

२. कुठे द्यायची

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची. समिती नेमल्याचा आदेश दिसेल अशा जागी लावणं मालकावर बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळतो. केंद्र सरकारच्या 'शी-बॉक्स' पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते.

३. तक्रार लिहिताना

घटना झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत तक्रार द्यायची. प्रकार वारंवार घडला असेल, तर शेवटच्या घटनेपासून ३ महिने धरतात. उशिराचं कारण पटलं, तर समिती ते नोंदवून आणखी ३ महिने देऊ शकते. म्हणून उशीर झाला असेल, तर का झाला तेही लिहा : नोकरी जाण्याची भीती, आजारपण, जे असेल ते.

आता मजकूर. समजा, असं लिहिलं :

"५ मार्च, संध्याकाळी सव्वासात. दुसऱ्या मजल्यावरची स्टोअररूम. मी स्टॉकचं रजिस्टर भरत होते. ते मागून आले, दार लोटलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'एवढी दमतेस कशाला, माझं ऐकलंस तर तुझं इन्क्रिमेंट माझ्या हातात आहे.' मी हात झटकून बाहेर आले. जिन्यात शिपाई मावशी भेटल्या, काय झालं म्हणून विचारलं. मी काही बोलले नाही. रात्री पावणेनऊला बहिणीला मेसेज केला."

सात-आठच वाक्यं, पण त्यात वेळ आहे, जागा आहे, कृती आहे, शब्द आहेत. पगारवाढीचं आमिष आहे, आणि कायद्यात अशा आमिषाचा वेगळा उल्लेख आहे. नकार आहे. मावशींनी प्रसंग पाहिला नाही, पण लगेच नंतरची अवस्था पाहिली, म्हणून त्या साक्षीदार आहेत. "अश्लील बोलले" एवढ्याने भागत नाही. ते शब्द जसेच्या तसे लिहा. हात थरथरतो, लाज वाटते, हे मी समोर बसून पाहिलंय. पण ते शब्द त्याचे आहेत, तुमचे नाहीत.

प्रत्येक घटनेला वेगळा परिच्छेद ठेवा. तारीख आठवत नसेल तर ठोकून देऊ नका, "गणपतीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात" असं लिहा.

४. देताना आणि नंतर

साक्षीदारांची नावं-पत्ते आणि पुरावे जोडून तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या. एक जास्तीची प्रत नेऊन तिच्यावर सही-शिक्क्याची पोच घ्या. चौकशी चालू असताना बदली (तुमची किंवा त्याची), ३ महिन्यांपर्यंतची जादा रजा, आणि तुमचा गोपनीय अहवाल त्याने लिहू नये, ही मागणी लेखी करता येते. ती न मागितल्यामुळे कित्येकजणी त्याच साहेबाच्या हाताखाली रोज कामाला जात राहतात.

समिती ७ कामाच्या दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला पाठवते, त्याला उत्तरासाठी १० कामाचे दिवस मिळतात. वकील कुणालाच आणता येत नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची, त्यानंतर १० दिवसांत अहवाल द्यायचा आणि मालकाने ६० दिवसांत अंमल करायचा. जबाब वाचून पाहिल्याशिवाय सही करू नका. समिती घाई करत असेल तरी सावध राहा : गोवा विद्यापीठातल्या प्रकरणात घाईने उरकलेल्या चौकशीवरून समोरच्यावर झालेली कारवाई सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. म्हणजे चौकशी पुन्हा सुरू.

निर्णय पटला नाही, तर ९० दिवसांत अपील करता येतं. पोलिसांत जायचं असेल तर समितीचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. भारतीय न्याय संहितेचं (म्हणजे फौजदारी कायद्याचं) कलम ७५ त्यासाठी आहे, आणि तुम्हाला गुन्हा नोंदवायचा असेल तर मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे. "सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच उलटेल" अशी भीती घातली जाते. तक्रार निव्वळ सिद्ध करता आली नाही म्हणून कारवाई होत नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

घरकाम करणाऱ्या बायकांनी स्थानिक समितीकडे जायचं. लिहिता येत नाही म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. तक्रार लेखी करून देणं हे समितीचंच काम आहे. सोबत गेलात, तर एवढं बघा की तिने सांगितलेलं तिच्याच शब्दांत उतरवलंय, आणि अंगठा घेण्याआधी ते तिला मोठ्याने वाचून दाखवलंय.