वार्ताहर कक्षापासून संचालकपदापर्यंत: ब्रिटनमधील क्रीडा पत्रकाराची वाटचाल

ब्रिटनमध्ये क्रीडा पत्रकारितेतून माध्यमसंस्थेच्या वरिष्ठ पदापर्यंत जायचे असेल, तर सुरुवात स्थानिक वृत्तपत्रापासून करावी आणि एनसीटीजेचा (पत्रकारांना प्रशिक्षण देणाऱ्या ब्रिटिश राष्ट्रीय परिषदेचा) डिप्लोमा घेताना मिनिटाला १०० शब्दांचे लघुलेखन पक्के करावे. शनिवारी दुपारी तीनचा फुटबॉल सामना चालू असतानाच वृत्तांत लिहीत राहावे लागते. शेवटची शिट्टी वाजताच तो संपादकांच्या हाती पडायला हवा, आणि नव्वदाव्या मिनिटाला गोल झालाच, तर पहिला परिच्छेद नव्याने लिहावा लागतो. ही सवय पुढे निर्णय घेताना फार उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे. नंतर उपसंपादन व निर्मितीची कामे मागून घ्यावीत. प्रक्षेपण हक्कांचे करार मात्र बारकाईने अभ्यासावेत, कारण १९९२ मध्ये इंग्लंडमधील फुटबॉलची प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून क्रीडा वाहिन्यांचे अर्थकारण बव्हंशी त्यांच्यावरच उभे आहे.