सातेरी मधमाशांची पेटी कमजोर झालीय? पाक नंतर, आधी जागा कमी करा

पावसाळा सरता सरता पेटी उघडली की माशा जेमतेम दोन-तीन फ्रेमवर (पोळं लावलेल्या चौकटींवर) दिसतात, आणि आपण घाबरून पहिला साखरेचा पाक ठेवतो. मी पण हेच करायचो. पण माशा कमी आणि घर मोठं, हा खरा घोळ असतो, रिकाम्या पोळ्यांची राखण करायला माशाच पुरत नाहीत, मग पोळी खाणारा मेणकिडा घुसतो आणि सातेरी सरळ पेटी सोडून जाते.

म्हणून ऊन असलेल्या दिवशी एकदाच नीट बघा. मधकोठी, म्हणजे मध साठवायचा वरचा कप्पा, काढून ठेवा. ज्या पोळ्यावर माशा बसलेल्याच नाहीत ते बाहेर काढा, काळी जुनी पोळी तर नक्कीच, आणि उरलेल्या फ्रेम एका बाजूला घेऊन त्या आणि रिकामी जागा यांच्या मधे फळी लावा म्हणजे पिल्लांना ऊब राहते. तळाची फळी खरवडून साफ करा, मेणकिड्याच्या अळ्या तिथल्या कचऱ्यातच वाढतात. दार एक-दोन माशा जातील एवढंच ठेवा, स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या नाही चढणार.

आता राणी. ती शोधत बसू नका हो, अंडी बघा. पेल्यात, म्हणजे पोळ्याच्या खणात, तळाशी एकच उभं अंडं म्हणजे राणी आहे. एकाच पेल्यात दोन-चार अंडी आणि कामकरी माशांच्या पेल्यांवर फुगीर टोप्या, टोपीला बारीक भोक, म्हणजे कामकरीच अंडी घालायला लागल्यात, ती पेटी वाचवण्यात वेळ घालवू नका. नुसती राणी नसेल तर दुसऱ्या चांगल्या पेटीतली ताज्या अंड्यांची फ्रेम माशा झटकून द्या, त्या अंड्यातून पंधरा-सोळा दिवसांत राणी निघते, पण तिच्या मीलनासाठी बाहेर नर पाहिजेत आणि हवा उघडी पाहिजे. भर पावसात हे जमत नाही, तेव्हा पेटी दुसरीत मिळवा. संध्याकाळी राणीवाल्या पेटीवर वर्तमानपत्र, त्याला टाचणीने चार भोकं, वर ही कमजोर पेटी, कागद कुरतडेपर्यंत दोघींचा वास एक होतो आणि मारामारी होत नाही.

राणी ठीक असेल तर मग पाक. 1 किलो साखर, 1 लिटर पाणी, गार करून संध्याकाळी, पेटीच्या आत, वाटीत काड्या टाकून नाहीतर माशा बुडून मरतात. रात्रीत संपेल एवढाच. बाहेर थेंब सांडला की शेजारच्या पेट्या लुटायला येतात, कमजोर पेटीला ते झेपत नाही. बाजारातला मध अजिबात घालू नका, त्यातून रोग येतो.

जोरदार पेटीतली टोप्या लागलेली पिल्लांची फ्रेम दिली तर जोर लवकर येतो, पण एकच, तीसुद्धा माशा झाकू शकतील तेवढीच, नाहीतर पिल्लं गारठतात. पिल्लं पाण्याच्या पिशवीसारखी होऊन मेलेली दिसली तर तो थाई सॅकब्रूड, विषाणूचा रोग, औषध नाही, त्या पेटीची फ्रेम दुसरीकडे द्यायची नाही आणि तिथले हात धुतल्याशिवाय दुसरी पेटी उघडायची नाही.

आणि रोज उघडून बघू नका. माझी एक पेटी मी अशीच पळवून लावलीय, पाचव्या दिवशी झाकण काढलं तर आत फक्त पाकाची वाटी. आठवड्यातून एकदा बस, बाकी दिवस दारावर बसून पाहा, पायाला पराग लावून माशा आत जायला लागल्या की आत पिल्लं वाढतायत. शेवटची फ्रेम माशांनी भरली की फळी सरकवून एक फ्रेम द्या, पुढच्या आठवड्यात अजून एक. मधकोठी जांभूळ फुलायच्या आधी चढवली तरी चालेल.